मालिका, कॉमिक्स आणि कादंबरी एकाच वेळी लिहायचीये? मग सुरू करण्याआधी हे वाचा

मी बरीच वर्षं मराठी मालिकांसाठी पटकथा आणि संवाद लिहिते, जोडीला कॉमिक्सच्या स्क्रिप्ट करते आणि कादंबरीही लिहिते. नवीन मुलंमुली भेटली की प्रश्न साधारण तेच असतात, मालिकेत शिरायचं कसं, करारात काय बघायचं, पैसे वेळेवर येतात का, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा म्हणजे मालिका घेतली तर माझी कादंबरी राहून जाईल का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मालिका तुम्हाला रोज फोन करते, कॉमिक्सचा चित्रकार आठवड्यातून एकदोनदा करतो, कादंबरी कधीच फोन करत नाही. त्यामुळे काहीच न ठरवता काम करत राहिलात तर जो फोन करेल त्याचंच काम होत राहणार. सगळी व्यवस्था लावायची ती कादंबरीच्या बाजूने, मालिका स्वतःचं बघून घेते.

१. आधी कागदपत्रं आणि सामान गोळा करा

काम मिळाल्यावर करू असं म्हणू नका, कारण काम मिळतं तेव्हा ते संध्याकाळी मिळतं आणि पहिला एपिसोड सकाळी हवा असतो.

- पॅन, आधार, रद्द केलेला चेक. प्रॉडक्शन हाउसचे अकाउंट्सवाले हे पहिल्याच दिवशी मागतात.
- स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व. पूर्वी फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणायचे ती हीच संस्था, मुंबईत अंधेरी पश्चिमेला ऑफिस आहे. हिंदीवाल्यांची संस्था असा गैरसमज आहे पण मराठी लेखकही सभासद होऊ शकतात. सभासद झालात की स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाइन करता येते आणि भांडण झालंच तर त्यांच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं.
- दोन नमुने तयार ठेवा. एक मालिकेच्या एका एपिसोडचे संवाद, दुसरा तुमची स्वतःची छोटी गोष्ट पटकथेच्या रूपात. दोन्ही पीडीएफ करून, पहिल्या पानावर नाव, फोन आणि तारीख टाकून.
- इनव्हॉइसचा एक साचा, नंबर घालून.
- युनिकोड मराठी टायपिंग, आणि ते न बघता यायला हवं. फोनवरही. रिक्षात बसून सीन बदलून द्यायची वेळ येतेच.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला पैसे घालवू नका. मराठीत बहुतेक जण वर्ड किंवा गुगल डॉक्समध्येच लिहितात. गुगल डॉक्सचा एक फायदा असा की कुठला बदल कधी केला त्याची नोंद आपोआप राहते, वादाच्या वेळी ती कामाला येते.

२. मालिकेत कोण काय लिहितं ते समजून घ्या

आपल्याकडे मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं येतात आणि बऱ्याचदा ती तीन वेगळी माणसं असतात. कथाविस्तार करणारा चॅनल आणि प्रोड्युसरबरोबर बसून पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कुठे कशी जाणार ते, ठरवतो. पटकथाकार त्यातून एपिसोडची वनलाइन, म्हणजे थोडक्यात गोष्ट, आणि मग सीनचा क्रम काढतो. संवाद लेखकाकडे ती पटकथा येते आणि तो पात्रांना बोलतं करतो. अर्ध्या तासाचा स्लॉट असला तर जाहिराती वजा जाता साधारण २० ते २२ मिनिटांचं लिहायचं असतं, आणि आठवड्याला सहा एपिसोड म्हणजे हे सहा वेळा, काही मालिका तर सातही दिवस असतात. शिवाय मध्येच रविवारचा महाएपिसोड लागतो किंवा दोन मालिकांचा महासंगम ठरतो आणि मग दुसऱ्या मालिकेची पात्रं, त्यांची बोली, त्यांचा भूतकाळ हे सगळं एका रात्रीत समजून घ्यावं लागतं.

नवीन माणसाला शिरायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे संवाद. कारण तिथे माणसं कमी पडतात, आणि कान चांगला असेल तर ते दोन पानांत कळतं. कोल्हापूरची बाई, नागपूरचा मुलगा आणि मालवणातली आजी एकसारखं बोलायला लागली की प्रेक्षक लगेच ओळखतात, तेव्हा तुम्ही ज्या भागातून आलात तिथली बोली हे तुमचं भांडवल आहे, पुण्यामुंबईत आलात म्हणून ती घासून काढू नका.

दुसरी वाट एकांकिकांची. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, मुंबईतही मोठ्या स्पर्धा आहेत, आणि आज मालिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे, चॅनलमध्ये क्रिएटिव्ह म्हणून बसलेले कितीतरी जण याच स्पर्धांमधून आलेत. तिथे ओळखी होतात त्या टिकतात. तिसरी वाट म्हणजे एखाद्या जुन्या लेखकाच्या हाताखाली काम. ही वाट चांगली आहे पण पहिल्याच भेटीत विचारून घ्या की माझं नाव येणार का आणि कधीपासून. ‘नाव नंतर टाकू’ हे वाक्य ऐकलंत तर किती महिन्यांनंतर ते ठरवून मेलवर घ्या.

सापळा : टेस्ट म्हणून एक एपिसोड फुकट लिहून मागतात, ते चालतं, सगळीकडेच मागतात. पण एकाच मालिकेसाठी दुसरी, तिसरी टेस्ट मागितली तर नम्रपणे सांगा की आता मानधन ठरवू. टेस्ट नेहमी मेलवर पाठवा, फक्त व्हॉट्सॲपवर नको.

३. आठवडा बांधून घ्या

टीव्हीचा आठवडा गुरुवारी हलतो. बार्कचे, म्हणजे कुठली मालिका किती बघितली गेली ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे गुरुवारी येतात, त्या दिवशी दुपारनंतर मीटिंगा लागतात, आणि रेटिंग पडलं असेल तर दोन आठवड्यांचा ठरलेला ट्रॅक संध्याकाळपर्यंत बदललेला असतो. म्हणून गुरुवार आणि शुक्रवारवर दुसऱ्या कुठल्याही कामाची डेडलाइन ठेवू नका, ना कॉमिक्सची ना दिवाळी अंकाची. कॉमिक्सचं काम मी सोमवार-मंगळवारी करते कारण तेव्हा ट्रॅक त्यातल्या त्यात शांत असतो.

कादंबरी सकाळी. रोज. फोन चालू करायच्या आधी. तीनशे शब्द झाले तरी खूप झाले, पण सकाळीच, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या पात्रांच्या तोंडी वाक्यं घातल्यावर रात्री आपल्या माणसांचा आवाज ऐकू येत नाही. रात्री लिहिणारेही असतील, त्यांनी आपली वेळ बघावी, फक्त ती वेळ सेटवर फोन चालू असण्याची नको.

दुसरी गोष्ट म्हणजे बँक. किती एपिसोड शूट होऊन तयार आहेत त्याला बँक म्हणतात. काम घेताना विचारा की बँक किती आहे. आठवड्याभराची बँक असेल तर लेखक माणसासारखा जगतो, बँक संपली असेल तर आज लिहिलेलं उद्या शूट आणि परवा टेलिकास्ट, मग कादंबरी सोडा, जेवणही धड होत नाही. अशा मालिकेत दोन लेखक आलटून पालटून लिहितील का हे पहिल्याच मीटिंगला विचारा, हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

आता सेटवरून येणाऱ्या फोनबद्दल. सकाळी अकरा वाजता ईपीचा (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा) किंवा असिस्टंट डिरेक्टरचा फोन येतो, आईचं काम करणाऱ्या ताईंना ताप आलाय, त्या आज नाहीत, लाइट लागलेत, सीन बदलून द्या तासाभरात. नवीन लेखक इथे घाबरून अख्खा सीन नव्याने लिहायला घेतो. तसं करू नका. आधी बघा की या सीनच्या शेवटी काय झालेलं असायला हवं. समजा, सुनेला कळायला हवं की घर गहाण आहे. तेवढं कायम ठेवा आणि वाट बदला. आईच्या ऐवजी धाकट्या दिराच्या तोंडून कळू दे, पण मग तो हे का सांगतोय त्याला एका वाक्याचं कारण द्या. किंवा आई फोनवर आहे असं करा, त्यांचं उत्तर नंतर शूट करता येतं. किंवा सुनेच्या हाती कागद लागू दे, बोलणंच नको. शेवट तोच राहिला तर पुढचे चार सीन वाचतात आणि तुम्ही पाऊण तासात मोकळे.

४. कॉमिक्स : चित्रकाराचा वेळ हा खरा खर्च

आपल्यापैकी अनेकांचं वाचन चांदोबा, इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथेवर सुरू झालं. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, अमर चित्र कथा १९६७ ला, टिंकल १९८० ला, आणि इंद्रजालमधला वेताळ, म्हणजे फँटम, तर मराठीतूनही घराघरात वाचला जायचा. आज मात्र फक्त मराठी कॉमिक्सवर पोट भरेल अशी परिस्थिती नाही हे स्पष्ट सांगते. पैसे देणारं काम बहुतेक इंग्रजी-हिंदी प्रकाशकांकडून, मुलांच्या मासिकांकडून, आणि आरोग्य, शेती, बँकिंग अशा विषयांवर जनजागृतीच्या चित्रकथा काढणाऱ्या संस्थांकडून येतं. ही शेवटची कामं कमी प्रतीची समजू नका, कमी जागेत सांगायची शिस्त तिथेच लागते.

स्क्रिप्ट लिहायचे नियम थोडेच आहेत पण पक्के आहेत. एका पॅनेलमध्ये, म्हणजे एका चौकटीत, एकच कृती. ‘तो दार उघडतो, आत येतो आणि पत्र उचलतो’ हे तीन पॅनेल आहेत, चित्रकाराला एकात काढायला सांगू नका. पानाला पाच-सहा पॅनेल पुरे. संवादाच्या फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका, आणि मराठीत तर अजून कमी, कारण देवनागरीला वरखाली मात्रा, वेलांट्या, उकार असल्याने ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते आणि इंग्रजीत मावणारा मजकूर त्याच फुग्यात मावत नाही. धक्का द्यायचा असेल तर तो पान उलटल्यावर डाव्या बाजूला आला पाहिजे, म्हणजे समपानावर. उजव्या पानावर ठेवलात तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाऊन आलेली असते.

एक पान पूर्ण करायला चित्रकाराला एक-दोन दिवस सहज लागतात. म्हणजे तुम्ही चार दिवसांत लिहिलेलं बावीस पानी कॉमिक त्याचा महिना-दीड महिना खातं. म्हणून बदल सुचवायचे ते कच्च्या रेखाटनांच्या टप्प्यावर, जेव्हा सगळं पान तळहाताएवढं असतं. शाई झाल्यावर ‘जरा अँगल बदलूया का’ म्हणणं म्हणजे त्याच्या दोन दिवसांची किंमत नाही असं सांगणं. टीव्हीतून आलेल्या लेखकांना ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, कारण टीव्हीत सगळं शेवटच्या तासाला बदलता येतं.

पण याच महिन्याचा फायदाही आहे. स्क्रिप्ट पूर्ण देऊन टाकलीत की तो महिना तुमचा, कादंबरीचा मोठा भाग मी अशाच मोकळ्या आठवड्यांत लिहिते. तुकड्यातुकड्याने पानं दिलीत तर हा वेळ मिळत नाही, चित्रकारही ताटकळतो.

सापळा : अक्षरजुळणी. अजूनही कितीतरी ठिकाणी श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम चालतं. युनिकोडमधून तिकडे नेताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’ आणि काही जोडाक्षरं तुटतात. ‘तुझ्या’चं भलतंच काहीतरी छापून येतं. म्हणून छपाईआधीची शेवटची पीडीएफ फुगा न् फुगा स्वतः वाचा, दुसऱ्यावर सोपवू नका. स्वतःच करणार असाल तर मुक्ता आणि बालू हे फुकट मिळणारे युनिकोड फॉन्ट आहेत, बालू फुग्यांमध्ये छान दिसतो.

चित्रकाराबरोबर स्वतःचं कॉमिक काढताय तर नावं, हक्क आणि पैसे यांची वाटणी पहिलं पान काढायच्या आधी एका कागदावर लिहा. मैत्री आहे म्हणून टाळू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा.

५. एकच प्रसंग तीन ठिकाणी लिहून बघा

हा सराव मी प्रत्येक नवीन लेखकाला सांगते. वरच्यासारखाच प्रसंग घ्या, फक्त सुनेऐवजी मुलगी, तिला कपाटात घर गहाण ठेवल्याचा कागद सापडतो.

मालिकेसाठी : मुलगी कपाट आवरतेय, बाहेर आत्या हाका मारतेय, कागद हातात येतो. ती वाचते. आत्या दारात येते. ‘काय गं, काय वाचतेस?’ मुलगी कागद पाठीमागे लपवते. ‘काही नाही. जुनं लाइट बिल.’ आत्याच्या चेहऱ्यावर संशय, आणि एपिसोड तिथे थांबतो. लक्षात घ्या, इथे कागदापेक्षा कागद लपवणं महत्त्वाचं आहे, कारण उद्या प्रेक्षकाला परत आणायचंय.

कॉमिक्ससाठी :
पान ५, पॅनेल ४ : मुलीचा हात साड्यांच्या घडीखाली. एक पिवळा कागद डोकावतोय.
पान ५, पॅनेल ५ : तिचा चेहरा जवळून. डोळे कागदावर. संवाद नाही.
पान ६, पॅनेल १ : पूर्ण रुंदीचा. अख्खं घर बाहेरून, अंगण, तुळस, ओसरीवर झोपलेले वडील. वरच्या खिडकीत मुलगी अगदी लहान दिसतेय.
बस. कागदात काय लिहिलंय ते दाखवायचीही गरज नाही, घराचं चित्र सांगतं.

कादंबरीसाठी : इथे ती कागद वाचून पुन्हा तसाच घडी घालून ठेवेल, आणि त्या रात्री वडिलांना भात वाढताना तिला त्यांच्या सहीतला थरथरलेला ‘र’ आठवेल. कुणाला काही कळणार नाही, पुढची चाळीस पानं कळणार नाही, आणि तरी वाचक तिच्यासोबत राहील.

हे तीन प्रकार हाताला बसले की एका कामाची सवय दुसऱ्यात शिरत नाही. मालिकावाल्यांच्या कादंबरीत ती शिरतेच, प्रत्येक प्रकरण हुकवर, म्हणजे आता पुढे काय या उत्सुकतेवर, संपतं आणि पानंच्या पानं संवाद. त्यावर उपाय म्हणून एखादं प्रकरण एकही संवाद न घालता लिहून काढा, मग गरज असेल तिथेच तोंड उघडू द्या. उलट बाजूने मात्र शिरलं तर चांगलं, कादंबरीसाठी पात्राच्या आत शिरायची सवय असलेला लेखक मालिकेच्या तीनशेव्या एपिसोडलाही पात्राला नवीन काहीतरी देऊ शकतो.

६. कादंबरी : प्रकाशकापर्यंतची वाट

मराठीत एजंट ही भानगड जवळपास नाहीच, थेट प्रकाशकाकडे जायचं असतं. जाण्याआधी त्यांची अलीकडची पुस्तकं चाळा, तुमच्या जातकुळीची कादंबरी ते छापतात का बघा. पहिली दोन-तीन प्रकरणं, दोन पानी सारांश आणि अर्ध्या पानात तुमची ओळख, एवढं आधी पाठवा. उत्तराला महिने लागतात, त्यात अपमान मानू नका, तिथेही वाचणारी माणसं मोजकी असतात. आवृत्ती साधारण हजार प्रतींची निघते, रॉयल्टी बहुधा छापील किमतीच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या घरात आणि हिशेब वर्षातून एकदा. म्हणजे कादंबरीवर घरभाडं निघत नाही, ते मालिका देते. पण दहा वर्षांनी मालिकेचा एपिसोड कुणी शोधत नाही आणि कादंबरी ग्रंथालयात असते.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

सापळा : ‘तुमचं पुस्तक काढू, फक्त इतक्या प्रती तुम्ही विकत घ्या’ असं म्हणणारेही आहेत. स्वखर्चाने छापण्यात वाईट काही नाही, पण मग ते स्वखर्चाने आहे हे स्पष्ट असू द्या आणि हक्क सगळे तुमच्याकडे ठेवा.

कादंबरी पूर्ण व्हायला वेळ असेल तर दिवाळी अंक हा आपल्या भाषेचा मोठा आधार आहे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा, आणि अजूनही संपादक दीर्घकथा मागतात, कादंबरीचा एखादा भाग स्वतंत्रपणे उभा राहत असेल तर घेतात. मानधन कमी-जास्त असतं पण वाचक मिळतात आणि मुख्य म्हणजे कुणीतरी तारीख देतं. कादंबरीला फोन नसतो म्हटलं ना, तो फोन दिवाळी अंकाचा संपादक करतो.

७. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

आपल्याकडची सगळ्यात मोठी टक्कर जुलै-ऑगस्टमध्ये होते. दिवाळी अंकांना मजकूर तेव्हा हवा असतो, आणि मालिकांमध्ये त्याच वेळी मंगळागौर, गणपती, गौरी यांचे ट्रॅक लिहायचे असतात. सणाचे एपिसोड म्हणजे सगळी पात्रं एकाच फ्रेममध्ये, वीस माणसं आणि प्रत्येकाला एखादं तरी वाक्य, साध्या एपिसोडच्या दुप्पट वेळ जातो. म्हणून दिवाळी अंकाचं काम मे महिन्यात संपवा. संपादकाने ऑगस्ट म्हटलं तरी तुम्ही मनाशी मेच धरा. कॉमिक्सची नवीन स्क्रिप्ट ऑगस्टमध्ये घेऊच नका, ती दिवाळीनंतर.

८. करार : इथे घाई नको

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ मध्ये त्यात लेखकांच्या बाजूने मोठी दुरुस्ती झाली. वकील व्हायची गरज नाही, पण एवढं माहीत असू द्या.

कल्पनेला संरक्षण नाही, ती तुम्ही मांडलीत कशी त्याला आहे. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं. म्हणून ‘माझी सासू-सुनेच्या हॉटेलची कल्पना चोरली’ याला अर्थ उरत नाही, पण पात्रं, प्रसंग, वळणं यांसकट वीस पानी मांडणी लिहिलेली आणि नोंदवलेली असेल तर बोलता येतं. चॅनलकडे जायच्या आधी असोसिएशनमध्ये नोंदणी करा. तिने हक्क निर्माण होत नाही, हक्क लिहिल्याक्षणी असतोच, पण तारखेचा पुरावा मिळतो. कादंबरी पूर्ण झाली असेल तर कॉपीराइट ऑफिसकडेही नोंदवता येते, साहित्यकृतीला फी ५०० रुपये आहे.

हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच असावं लागतं. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणूनच प्रॉडक्शन हाउसचे वकील ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं लिहितात. मालिकेच्या करारात नवीन लेखकाला हे कलम काढून घेता येत नाही बहुतेक वेळा, पण रॉयल्टीबद्दल एक गोष्ट पक्की आहे, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनापलीकडे जो वापर होतो त्यातला रॉयल्टीचा हक्क लेखकाला सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी ते कायद्यात टिकत नाही. वसुलीची यंत्रणा अजून अपुरी आहे, तरी ‘मी रॉयल्टी सोडतो’ या ओळीवर सही करू नका, किमान विचारा.

तीन कामं करणाऱ्या लेखकासाठी सगळ्यात महत्त्वाची दोन कलमं वेगळीच आहेत. पहिलं एक्सक्लुझिव्हिटीचं. चॅनलला वाटतं तुम्ही दुसऱ्या चॅनलसाठी लिहू नये, ते समजू शकतं, पण करारात ‘कुठलंही इतर लेखन’ असं आलं असेल तर ते बदलून ‘इतर दैनंदिन मालिकांचं लेखन’ असं करून घ्या. पुस्तक, कॉमिक्स, नाटक आणि नियतकालिकं वगळली आहेत असं स्पष्ट लिहून घ्या. मी मागितलं तेव्हा हे बहुतेक ठिकाणी मिळालंय, कारण त्यांना त्यात काही गमवायचं नसतं, फक्त कुणी मागत नाही. दुसरं, करारासोबत एक परिशिष्ट जोडा, ‘लेखकाचं पूर्वीचं आणि स्वतंत्र काम’. त्यात कादंबरीचं तात्पुरतं नाव, तीन ओळींचा सारांश, कॉमिक्सच्या पात्रांची नावं. म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की हे पात्र आमच्या मालिकेच्या मीटिंगमध्ये जन्मलं.

प्रकाशकाच्या करारात रूपांतराचे हक्क बघा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून १९८३ चा ‘अर्धसत्य’ झाला, म्हणजे गोष्टीचा प्रवास छापील पानावर थांबत नाही. चित्रपट, वेबसिरीज, ऑडिओ, कॉमिक्स, भाषांतर हे सगळे हक्क स्वतंत्र आहेत, छापील मराठी पुस्तकाचा करार करताना तेवढाच करा, बाकीचे तुमच्याकडे.

९. पैसे

मालिकेत मानधन एपिसोडवर ठरतं आणि इनव्हॉइस दिल्यावर हातात यायला दोन-तीन महिने लागणं नेहमीचं आहे. तेव्हा सुरुवातीलाच सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तेव्हाच नोकरी सोडा. एका प्रॉडक्शन हाउसने मालिका बंद झाल्यावर माझे शेवटचे एपिसोड बरेच महिने लटकवले होते, मिळाले ते मेलवर एपिसोडनिहाय हिशेब होता म्हणून. लिहिलेला, मंजूर झालेला पण शूट न झालेला एपिसोड, ट्रॅक बदलल्यामुळे पुन्हा लिहिलेला एपिसोड, यांचे पैसे मिळणार का हे आधी ठरवा.

बाकी पटकन सांगते. फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते दर तिमाहीला तपासा. पटकथा आणि संवाद लेखन आयकरात व्यवसाय म्हणून धरलेलं आहे, त्यामुळे निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरायची सोपी पद्धत बहुतेकांना लागू होते, सीएला विचारा. वर्षाची फी २० लाखांवर गेली तर जीएसटी घ्यावा लागतो. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट आहे, करून ठेवा, सूक्ष्म उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे आणि तो मेलमध्ये नमूद करता येतो. तिन्ही कामांचे पैसे एकाच खात्यात आले तरी वहीत वेगळे लिहा, वर्षाच्या शेवटी कळतं की कुठलं काम खरंच परवडलं.

१०. मालिका बंद होते तेव्हा

ती होतेच, आणि बातमी कधीकधी दोन-तीन आठवडे आधी कळते. त्या आठवड्यातच सगळे बाकी इनव्हॉइस पाठवा. तुमच्या नावासकट श्रेयनामावलीचे स्क्रीनशॉट, एपिसोड क्रमांकांची यादी आणि अंतिम स्क्रिप्ट तुमच्याकडे उतरवून ठेवा, कारण प्रॉडक्शनचा मेल आयडी आणि ड्राइव्ह बंद झाला की ते परत मिळत नाही. ज्या ईपी आणि दिग्दर्शकाबरोबर काम चांगलं झालं त्यांना स्वतः फोन करा, पुढची मालिका बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येते. चित्रकाराला सांगा की पुढची स्क्रिप्ट मी लवकर देऊ शकते. पुढच्या मालिकेची मीटिंग लगेच लागलीच तर जा, पण जॉइन व्हायची तारीख महिनाभर पुढची मागा. बरेचदा मिळते, चॅनलची मंजुरी यायला तेवढा वेळ तसाही लागतो. तो महिना कादंबरीचा मसुदा सलग वाचून काढायला ठेवा, कारण रोज तीनशे शब्दांनी लिहिलेली गोष्ट एका बैठकीत वाचल्याशिवाय तिच्यात कुठे भोक पडलंय ते दिसत नाही.